‘सोड’ म्हणायचं नाही

माझी थोरली बहीण मायकेन हिने एकतीस वर्षं स्टेनफोशच्या लॉकची दारं उघडली आणि लावली. तिच्याआधी आमचा बाप तेच करायचा. लॉक म्हणजे दगडी हौद, दुसरं काही नाही. वरच्या तळ्यातून बोट आत आली की मागची दारं लावायची, पुढच्या दारांतल्या झडपा हँडल फिरवून उघडायच्या; पाणी उतरतं तशी बोटही उतरते, मग पुढची दारं उघडून तिला वाटेला लावायचं. स्टेनफोशला असे तीन हौद एकाखाली एक आहेत. त्यातला मधला सगळ्यात खोल.

मायकेनबद्दल चांगलं सांगायचं तर ती कामाला वाघ होती. वाईट सांगायचं तर तेही तेच. दुसऱ्याच्या हातात काम बघून तिला धीर धरवत नसे. तिच्या नवऱ्याने, एवाल्दने, बटाटे सोलायला घेतले की ती दोन मिनिटं बघायची आणि सुरी काढून घ्यायची. एवाल्द कागदाच्या कारखान्यात कामाला, स्वभावाने शांत, हसत म्हणायचा, "घे बाई. तुझे बटाटे, तुझी सुरी. खायचं काम तेवढं मला ठेव."

जुलैत सगळ्या कारखान्यांना सुट्टी असते. वर्षभर लोकांच्या बोटी उतरवणारी माझी बहीण त्या सुट्टीत काय करायची, तर स्वतःच्या बोटीतून त्याच तळ्यांमधून, त्याच लॉकमधून खाली वेनेर्नच्या मोठ्या सरोवरापर्यंत जायची. एवाल्दने हाताने बांधलेली लाकडी बोट, मधे छोटीशी केबिन, तीत एक स्टोव्ह. दोन मुली होत्या. गुद्रून चौदाची, तोंडाळ, आईवर गेलेली. एल्ना नऊची. एल्नाला एकदा सांगितलेलं काम दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे, आणि याचं आम्हाला सगळ्यांना फार कौतुक होतं.

चौऱ्याहत्तरच्या जुलैत मायकेनच्या जागी बदली म्हणून मी लॉकवर होतो. बोट मधल्या हौदात आली तशी मायकेन उडी मारून काठावर चढली.

"तू सुट्टीवर आहेस," मी म्हणालो.

"तुझ्या हाताने झडप उघडायची म्हणजे आम्ही नाताळला पोचू. तू पलीकडचं हँडल घे, आर्विड. हे मी बघते."

मी पलीकडच्या भिंतीवर गेलो. खाली बोटीत पुढच्या टोकाला एल्ना दोर धरून, मागच्या टोकाला एवाल्द. गुद्रून आत केबिनमध्ये कॉफी करत होती.

बोट उतरताना दोर कसा धरायचा हे आमच्या पोरांना चालण्याआधी कळतं. वरच्या खुंटाला वळसा घालून टोक हातात ठेवायचं, आणि पाणी उतरेल तसतसा दोर थोडा थोडा द्यायचा. बांधायचा नाही, बांधला तर बोट भिंतीला टांगून राहते. टाकूनही द्यायचा नाही, नाहीतर बोट पाण्याबरोबर ओढली जाते. या देण्याला आमच्या कालव्यावर तेव्हा एकच शब्द होता. सोड. दोर जरा सैल करायचा असला तरी सोड, आणि बोट निघाली, आता दोर काढून घे, तरी सोड. कोणत्या वेळचं सोड ते ज्याचं त्याने ओळखायचं. आमच्या बापाच्या बापापासून लोक ओळखत आले होते.

मायकेनने तिची झडप एका दमात पूर्ण उघडली. पाणी झपाट्याने उतरायला लागलं. एवाल्द तेव्हा सिगारेट पेटवत होता. त्याचा दोर बोटीवरच्या खुंटीत अडकला आणि बोटीचं मागचं टोक टांगलं गेलं. मायकेनने ते पाहिलं आणि वरून ओरडली, "सोड!"

ती एवाल्दला म्हणाली होती. ऐकलं एल्नाने. आईचा शब्द, एकदाच सांगितलेला. तिने दोर सोडून दिला.

बोटीचं पुढचं टोक भिंतीपासून लांब गेलं. एल्नाला चूक कळली असावी, कारण ती वर सरकणारं दोराचं टोक पकडायला वाकली, आणि बोट आणि भिंत यांच्या मधे पडली. तिला पोहता येत होतं. बोट परत भिंतीकडे आली त्याला पोहणं काय करणार. मी झडप लावायला हँडल फिरवत होतो. ती लावायला चोवीस फेरे लागतात. ते मी आजही झोपेत फिरवतो.

दगडी हौदात आवाज चारही भिंतींवरून परत येतो. कोण ओरडलं, पुरुष की बाई, खालच्याला कळत नाही. गुद्रून केबिनमधून बाहेर आली तेव्हा तिने एवढंच ऐकलं होतं: सोड, आणि मग तोच शब्द पुन्हा पुन्हा. पोलीस आले. त्यांनी विचारायच्या आधीच एवाल्द म्हणाला, "मी म्हणालो सोड. मी तिला म्हणालो."

मायकेन माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी पलीकडच्या भिंतीवरून तिचं तोंड उघडताना पाहिलं होतं, ओरडतानाचं. मला पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. हे साफ खोटं होतं, आणि मी ते इतकं सहज बोललो की मलाच नवल वाटलं.

मायकेनचं काम राहिलं. लॉकशेजारचं घर कामाबरोबरचं, तेही राहिलं. पुढच्या वसंतात तिने कालव्याच्या साहेबांकडे खेटे घालून नियम बदलून घेतला. तीनही हौदांवर पाट्या लागल्या: दोर द्यायचा असेल तर ‘सैल’ म्हणावं, ‘सोड’ म्हणू नये. कुणी चुकून म्हणालाच तर मायकेन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लोक हळहळायचे. म्हणायचे, बिचारी, नवऱ्याची चूक निस्तरतेय.

गुद्रूनने बापाशी बोलणं टाकलं. अठरा वर्षांची झाल्यावर ती गोथेनबर्गला गेली, तिथे दाताच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, मोडलं. दर नाताळला कार्ड यायचं. वर नाव एकट्या मायकेनचं. आत ‘प्रिय आई’. एवाल्द ते कार्ड खिडकीत उभं करून ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असं, आणि जाता-येता त्याची धूळ पुसायचा. बोट शेडमध्ये होती. दर वसंतात तो तिला खरवडायचा, डांबर लावायचा, रंग द्यायचा, आणि पाण्यात न घालता ताडपत्रीने झाकून टाकायचा. एकोणतीस वर्षं.

मी मायकेनला किती वेळा म्हणालो असेन. "पोरीला सांग."

"काय सांगू? आता सांगून एल्ना परत येणार आहे?"

"एवाल्दला त्याची मुलगी परत मिळेल."

"तो काही म्हणतो का कधी? मग तू कशाला मधे मधे करतोस?"

खरंच, तो कधी काही म्हणाला नाही. माणूस तक्रार करत नाही याचा अर्थ त्याला दुखत नाही असा काढायला आपल्याला फार आवडतं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात एवाल्दच्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, पानं गळेपर्यंत. त्याने ते ऐकून घेतलं, टोपी घातली, आणि घरी येताना गाडीत मला म्हणाला, "बोट पाण्यात घालू या. एकदा सगळे मिळून खाली जाऊ. गुद्रूनला विचारशील?"

"मी नाही विचारणार," मी म्हणालो. "मायकेन विचारेल."

त्या संध्याकाळी मी मायकेनच्या स्वयंपाकघरात समोर बसून राहिलो, ती फोन उचलेपर्यंत. मी तिथे बसून ऐकतोय हेही तिला जड जात होतं.

"तुझ्या बाबाचे थोडेच दिवस राहिलेत," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडून बहुधा ‘मग?’ आलं. "त्याला बोटीतून जायचंय. तू ये. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी ये. मला तुला काहीतरी सांगायचंय. फोनवर नाही. बोटीत सांगते."

फोन ठेवून ती माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं समाधान?"

"सांगितलंस की होईल."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वरच्या टोकाच्या तळ्यावरून निघालो. मी, मायकेन, एवाल्द आणि त्रेचाळीस वर्षांची गुद्रून. तीन दिवसांचा रस्ता, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी स्टेनफोश. मायकेनजवळ सांगायला तेवढाच वेळ होता. पाणी शांत, हवा अशी की फोटो काढून कॅलेंडरवर छापावी. शेजारून जर्मन लोक कॅनूतून हात करत जायचे. आम्हीही करायचो. कुणाला वाटावं, काय सुखी कुटुंब.

गुद्रून बापाशी बोलत नव्हती, पण बोट लहान, किती नाही बोलणार? पहिल्या दिवशी हेरिंग मासे आणि नवे बटाटे खाताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मीठ दे." त्याने दिलं. संध्याकाळी आम्ही दोघं काठावर लाकडं गोळा करत होतो तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "तिने माझ्याकडे मीठ मागितलं." मी लाकडं उचलली.

त्या संध्याकाळी मायकेन गुद्रूनबरोबर पाण्याकडेला जाऊन बसली. मी लांबून बघत होतो. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, "तिच्या घटस्फोटाचं बोलत होतो. मधेच कसं काढू?" दुसऱ्या दिवशी पाऊस होता, सगळे केबिनमध्ये, एवाल्दसमोर कसं बोलणार. त्या रात्री गुद्रूनने स्वतःच विचारलं, "आई, तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

मायकेनने कप विसळला. पुन्हा विसळला. "घराचं," ती म्हणाली. "आमच्यामागे घर कालव्याला परत जाईल. त्यातलं काय काय तुला हवंय ते सांगून ठेव."

गुद्रून तिच्याकडे बघत राहिली. "एवढ्यासाठी बोलावलंस?"

एवाल्द बाकावर डोळे मिटून पडला होता. झोपला नव्हता. मी बाहेर जाऊन रेलिंगला टेकलो, कारण आत थांबलो असतो तर माझ्या बहिणीचा गळा धरला असता. मीच का नाही सांगितलं असं कुणी विचारेल. एकोणतीस वर्षं न सांगणाऱ्याला तिसाव्या वर्षी तोंड उघडताना आधी स्वतःबद्दल सांगावं लागतं. ते मला जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्टेनफोश. आता तिथे उन्हाळ्यापुरत्या कॉलेजच्या मुली कामाला असतात. त्या दिवशी एकच होती, सोनेरी वेणी, नारिंगी लाइफ जॅकेट. तिने आम्हालाही जॅकेटं घालायला लावली. पहिल्या हौदातून उतरलो. मग मधल्या हौदात शिरलो. भिंतीवरची पाटी तशीच होती, अक्षरांना नव्याने रंग दिलेला. पुढचा दोर गुद्रूनने घेतला; कुणी सांगितलं नव्हतं. मागचा एवाल्दने.

"मला दे," मी म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "हा माझाच."

मायकेन मधे, केबिनच्या छपरावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून, लहान पोर शाळेत बसतं तशी. मुलीने वरून विचारलं, "तयार? झडप उघडते. दोर सैल देत राहा."

पाणी उतरायला लागलं. हिरवी शेवाळलेली भिंत आमच्या बाजूने वर सरकू लागली. एवाल्द दोर देत होता, व्यवस्थित. मग त्याला खोकला आला. त्याला आताशा येणारा, थांबायचं नाव न घेणारा. तो वाकला, हाताखालचा दोर खुंटीत आवळला, आणि मागचं टोक टांगलं गेलं. बोट पुढे कलली. स्टोव्हवरची किटली घरंगळत आली.

मायकेन उठून उभी राहिली आणि ओरडली, "सोड!"

तो शब्द समोरच्या भिंतीवरून आला, मग मागच्या दारांवरून, मग सगळीकडून. ज्या बाईने एकोणतीस वर्षं तो शब्द कुणाला उच्चारू दिला नव्हता, तिच्याच तोंडून. वरच्या मुलीने घाबरून हँडल उलटं फिरवलं. मी एवाल्दच्या हातून दोर घेऊन मोकळा केला आणि टोक परत त्याच्या हातात दिलं. बोट धपकन सरळ झाली.

गुद्रूनने दोर सोडला नव्हता. दोन्ही मुठींत घट्ट धरून ती मागे वळली होती, आणि ती बापाकडे बघत नव्हती. ती आईकडे बघत होती.

"परत म्हण," ती म्हणाली.

मायकेनने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

"आई, परत म्हण. तसंच."

"गुद्रून, पुढे बघ," एवाल्द खोकत म्हणाला. "बोट सांभाळ."

"मामा." ती माझ्याकडे वळली. "तू तेव्हा कुठे उभा होतास?"

मी पलीकडच्या भिंतीवरची ती जागा हाताने दाखवली.

"म्हणजे तुला समोर दिसलं असेल."

"दिसलं," मी म्हणालो.

"कोण ओरडलं?"

"मायकेन. एवाल्दला म्हणाली होती. एल्नाला नाही."

वरून मुलीने विचारलं, "झडप पुन्हा उघडू का? सगळं ठीक आहे ना?" तिचं डोकं थोडा वेळ काठावरून दिसत राहिलं आणि मग मागे गेलं.

गुद्रूनचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, तू का म्हणालास तसं?"

एवाल्द बाकावर बसला. श्वास जमवायला त्याला वेळ लागला. "दोर माझाच अडकला होता," तो म्हणाला. "आणि तू चौदाची होतीस. त्या वयाच्या मुलीला आई लागते. दोघांतलं एकच तुझ्याजवळ राहणार असं दिसत होतं."

गुद्रूनने पुढचा दोर माझ्या हातात दिला. केबिनच्या कडेने, आईच्या पायांजवळून, तिला न शिवता ती मागे गेली आणि एवाल्दच्या हातातलं दोराचं टोक घेतलं. "तू बस, बाबा," ती म्हणाली. "मी देते सैल." मग तिने वर हाक मारली, "उघडा."

खालची दारं उघडली तेव्हा समोर ऊन होतं. मायकेन अजून छपरावर उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नाही.

वेनेर्नपर्यंत आम्ही गेलोच नाही. लॉकखालच्या धक्क्यालाच उतरलो. गुद्रूनने रजा काढली आणि ती त्या घरात एवाल्दच्या खाटेशी नऊ आठवडे बसली. तो आयुष्यभराचा अबोल माणूस, पण त्या दिवसांत बोलायचा. एल्नाचं बोलायचे दोघं. तिला साय आवडायची, ती बेडकांना माणसांची नावं द्यायची, असलं काहीबाही. आईशी गुद्रून बोलायची ती माझ्यामार्फत. "मामा, तिला सांग, सूप कोमट कर." मायकेन दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. मी सांगायचो, आणि ती सूप कोमट करायची. सप्टेंबरच्या मध्यावर, बर्चची पानं पिवळी व्हायला लागली होती, तेव्हा एवाल्द गेला. डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा थोडा आधीच. नऊ आठवडे त्याला मिळाले. एकोणतीस वर्षांच्या बदल्यात नऊ आठवडे, आणि मला हे लिहितानाही राग येतो, तिचा आणि माझा.

गावात काही लोक म्हणतात, मायकेन मुद्दाम ओरडली, पोरीला कळावं म्हणून. तसं काही नाही. मी तिचा भाऊ आहे. मुद्दाम सांगण्याची हिंमत तिच्यात असती तर तिने ती आदल्या रात्री कप विसळताना दाखवली असती.

दफनानंतरची कॉफी झाली, लोक गेले, गुद्रूनने बॅग गाडीत ठेवली आणि निघून गेली. मायकेन टेबलावरची केकची ताटं एकात एक ठेवत होती. माझ्या हातून एक ताट घेऊन तिने परत नीट ठेवलं. सवय. मग खाली बसली.

"एवाल्दने तिला आई राखून दिली," ती म्हणाली. "मी काय केलं, आर्विड?"

"तू तिला बाप राहू दिला नाहीस," मी म्हणालो. "आणि मी बघत बसलो."

तिने मान हलवली. तिने माझ्यासाठी कॉफी ओतली, आणि आम्ही ती प्यायलो.

याला आता चार वर्षं झाली. नाताळला कार्ड येत नाही. खिडकीतली ती जागा मायकेन अजून पुसते. जुलैत गुद्रून येते, कबरीवर फुलं लावते, दोन नावांच्या पाटीवरचं शेवाळ काढते आणि संध्याकाळच्या आत परत जाते. माझ्याकडेही येत नाही, आणि ते योग्यच आहे. रस्ता लॉकच्या घरावरूनच जातो. त्या दिवशी मायकेन सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसते. बोटीवाले समजतात म्हातारी आमची मजा बघायला बसलीय, आणि हात करतात. गाडी वळणावर आली की तिला आवाजावरून कळतं. ती उठून उभी राहते. गाडी हळू होत नाही.